लोकांचा तपास आणि पुराव्याचा कायदा : प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रातील अपहरणाचा आणि खुनाचा तपास आता पोलीस ठाणे, प्रयोगशाळा आणि न्यायालय यांच्यापुरता राहिलेला नाही. फिर्याद नोंदवून होते न होते तोच घटनेशी संबंधित ध्वनिचित्रणे, छायाचित्रे, फोनवरची संभाषणे आणि टोलनाक्यांवरील कॅमेऱ्यांची दृश्ये हजारो लोकांच्या हाती पोहोचतात, आणि ज्यांनी कायद्याचे किंवा न्यायवैद्यकाचे शिक्षण कधी घेतलेले नाही असे लोक त्यांवरून घटनाक्रम लावू लागतात, वेळा जुळवतात, माणसे ओळखतात आणि दोषही ठरवतात. लोकांच्या या तपासाचे बळ कशात आहे आणि तो कुठे घसरतो, हे एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधाराने समजून घेणे हा प्रस्तुत लेखनाचा विषय आहे. असा तपास सरसकट थट्टेचा विषय करणे जितके अन्यायाचे, तितकेच त्याला न्यायालयाच्या निकालाचे मोल देणे घातक असते, आणि या दोहोंमधली वाट पुराव्याच्या कायद्याचा परिचय असल्याशिवाय सापडत नाही.

ते प्रकरण म्हणजे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण आणि खून. ९ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी केजकडून गावाकडे परतत असताना डोणगाव टोलनाक्याजवळ त्यांची गाडी अडवण्यात आली, त्यांना दुसऱ्या वाहनात घालून नेण्यात आले आणि त्याच दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. त्याआधी तीन दिवस, ६ डिसेंबरला, मस्साजोग येथील आवादा या पवनऊर्जा कंपनीच्या प्रकल्पावर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली होती आणि सरपंच या नात्याने देशमुख तेथे मध्ये पडले होते. कंपनीकडे मागितलेली दोन कोटी रुपयांची खंडणी, हा प्रकल्पावरील वाद आणि हा खून ही एकाच कटाची अंगे आहेत, असे तपासयंत्रणेचे म्हणणे असून वाल्मीक कराड हा आरोपपत्रानुसार या कटाचा सूत्रधार आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तो पुण्यात सीआयडीपुढे शरण आला. संघटित गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी राज्याने १९९९ मध्ये केलेला कायदा, म्हणजेच मकोका, या प्रकरणाला लावण्यात आला, आणि विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली. आरोपपत्रातील विधाने ही फिर्यादी पक्षाची विधाने असतात, न्यायालयाचे निष्कर्ष नव्हेत. पुढील विवेचनात जेथे जेथे आरोपींचा उल्लेख येईल तेथे तेथे ही मर्यादा गृहीत धरावी.

ग्रामीण खुनाची जाहीर चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ पासून पुढची दोन वर्षे एकामागून एक खून झाले, तेव्हा रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नामांकित अधिकारी मुंबईहून तपासाला जाण्यापूर्वीच गावोगावच्या पारांवर गुन्हेगार ठरून गेले होते, आणि मुख्य मानल्या गेलेल्या आरोपींची वरच्या न्यायालयात सुटका झाल्यावरही त्या पारावरच्या निकालात फरक पडला नाही. मात्र पारावरच्या माणसाच्या हाती पुरावा नव्हता, ऐकीव गोष्ट होती. आज त्याच माणसाच्या हाती पुराव्याची प्रत असते, किंवा पुराव्यासारखे दिसणारे काहीतरी असते. डोळ्यांनी पाहिले म्हणजे सिद्ध झाले, हा समज त्यातूनच बळावतो.

मस्साजोग प्रकरणात लोकांनी काय साधले ते आधी नोंदवणे न्यायाचे आहे. सुरुवातीच्या दिवसांत हा तपास ज्या संथपणे चालला होता तो पाहता गावकऱ्यांनी रस्त्यावर उतरणे, २८ डिसेंबर २०२४ रोजी बीडमध्ये निघालेला सर्वपक्षीय मोर्चा आणि फोनाफोनीतून दररोज विचारले जाणारे प्रश्न यांच्यावाचून हे प्रकरण राज्याच्या विषयपत्रिकेवर राहिले नसते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. स्थानिक पोलिसांतील काहींचे आरोपींशी असलेले संबंध, गुन्हा नोंदवण्यात झालेली दिरंगाई, ६ डिसेंबरच्या मारहाणीची वेळीच न घेतलेली दखल हे सारे मुद्दे प्रथम सामान्य माणसांनी मांडले. विशेष तपास पथकातील एका अधिकाऱ्याचे कराडसोबतचे छायाचित्र जानेवारी २०२५ मध्ये लोकांसमोर आले, त्यावर गदारोळ झाला आणि पथकाची फेररचना करण्यात आली. या उदाहरणात लोकांनी कोणाला खुनी ठरवले नव्हते. ज्याने तपास करायचा त्याचे हितसंबंध तपासाच्या आड येतात काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर देणे शासनाला भाग पडले.

याच्या अगदी शेजारी दुसरे उदाहरण ठेवले म्हणजे फरक उघड होतो. डिसेंबरच्या अखेरीस, फरार असलेल्या तिघा आरोपींचा खून झाला आहे असे सांगणारा संदेश एका सामाजिक कार्यकर्तीच्या फोनवर अनोळखी व्यक्तीकडून आला. तो पोलिसांच्या कानावर घालण्यात आला, त्याचबरोबर जाहीरही झाला, आणि काही तासांतच राज्यभर ती बातमी म्हणून फिरली. मृतदेह कोठे टाकले असतील, पुरावा नष्ट करण्यात कोणाचा फायदा, इथपर्यंत तर्क लढवले गेले. ४ जानेवारी २०२५ रोजी त्या तिघांपैकी दोघे जिवंत पकडले गेले. येथे संदेश ऐकणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. सांगणारा कोण, त्याला ही माहिती कशी मिळाली, त्याने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, हे तीन प्रश्न विचारण्याआधीच त्या आवाजावर विश्वास बसला, एवढेच घडले. कायद्यात ऐकीव पुरावा म्हणजे ज्याने घटना स्वतः अनुभवलेली नाही अशा माणसाच्या तोंडचे कथन, आणि ते सामान्यतः अग्राह्य मानले जाते, कारण मूळ सांगणाऱ्याची उलटतपासणी करता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तासून निघालेला हा नियम किती शहाणपणाचा आहे, याची जाणीव त्या आठ-दहा दिवसांनी करून दिली.

तिसरा आरोपी कृष्णा आंधळे याच्या शोधामुळे हे प्रकरण नाशिकपर्यंत आले. मार्च २०२५ मध्ये नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात दुचाकीवरून जाणाऱ्या दोघांपैकी एक आंधळे असल्याचा दावा काही नागरिकांनी केला. गंगापूर पोलिसांनी परिसरातील कॅमेऱ्यांची दृश्ये तपासली, शोध घेतला, पण आंधळे हाती लागला नाही. पोलिसांना कळवणे ही नागरिकांची कृती योग्यच होती. अडचण आली ती पुढे, कारण कॅमेऱ्यातील धूसर आकृती आणि पोलिसांनी प्रसिद्ध केलेले छायाचित्र शेजारी शेजारी लावून कान, कपाळ आणि खांद्यांची ठेवण जुळवण्याचा उद्योग घरोघरी सुरू झाला.

अशा दृश्याचे वाचन कसे करावे हे पाहण्यासाठी द्वारका चौकाएवढे सोयीचे ठिकाण नाशिकमध्ये दुसरे नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात, उड्डाणपुलाखालून नाशिकरोड, मुंबई नाका, सारडा सर्कल आणि आडगावकडची वाहतूक एकमेकांत मिसळते आणि दिवसातल्या कोणत्याही घडीला डझनावारी दुचाकी सिग्नलपाशी खोळंबलेल्या असतात. येथील एखाद्या कॅमेऱ्याचे एकच स्थिरचित्र समोर आहे असे समजावे. कॅमेरा उंचावर असल्यामुळे त्याला चेहऱ्यापेक्षा डोक्याचा वरचा भाग अधिक दिसतो, त्यामुळे नाक आखूड आणि कपाळ रुंद भासते. पुलाच्या सावलीतून उन्हात येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचा अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढराफटक होतो. धुळीसाठी बांधलेला रुमाल हनुवटीपासून गालापर्यंत सर्व झाकतो. आणि चित्राच्या कोपऱ्यात छापलेली वेळ ही कॅमेऱ्याला जोडलेल्या यंत्राच्या घड्याळाची असते, जे घड्याळ महिनोन्‌महिने कोणी जुळवलेले नसेल तर खऱ्या वेळेपेक्षा कित्येक मिनिटे मागे किंवा पुढे असू शकते. जाणकार तपास अधिकारी म्हणून दृश्य ताब्यात घेताना त्या यंत्राची वेळ आणि प्रमाणवेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहून ठेवतो. पंचनामा म्हणजे दोन तटस्थ व्यक्तींच्या, म्हणजे पंचांच्या, उपस्थितीत केलेली जागेची आणि जप्त वस्तूंची लेखी नोंद. ही एक ओळ पंचनाम्यात नसेल तर टोलनाक्यावरची गाडी आणि पुढच्या पंपावरची गाडी यांच्या वेळा जुळवून बसवलेला सारा क्रम कोसळू शकतो. फोनवर आलेले दृश्य मात्र ही नोंद सोबत घेऊन येत नाही.

फोनवरून फोनवर जाताना त्या दृश्याचेही काही हरवते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले ध्वनिचित्रण आकाराने लहान करण्यासाठी पुन्हा दाबले जाते, त्यातले बारकावे पुसट होतात, आणि मूळ फायलीसोबत असलेली चित्रणाची वेळ, यंत्र आणि स्थळ यांची माहिती बहुधा गळून पडते. न्यायवैद्यक तज्ज्ञ फायलीची ओळख पटवण्यासाठी हॅश नावाची खूण काढतात. फायलीतील सर्व आकड्यांवर ठरावीक गणिती क्रिया करून मिळणारी ती अक्षरांची आणि अंकांची मालिका असते, आणि फायलीत एका ठिपक्याएवढा बदल झाला तरी ती पूर्णपणे वेगळी येते. त्यामुळे गावात फिरणारी प्रत आणि आरोपीच्या फोनमधील मूळ चित्रण दिसायला एकसारखे असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या वस्तू असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात या हॅशचाही समावेश आहे. मस्साजोगची घटना त्यानंतर पाच महिन्यांनी घडली, म्हणजे नव्या कायद्याची कसोटी तिला लागू आहे. याच काळापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक केले आहे.

या प्रमाणपत्राचे महत्त्व समजण्यासाठी दिल्लीपर्यंत गेलेला मराठवाड्यातीलच एक वाद उपयोगी पडतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा त्यांचा मुद्दा होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण त्याला आधार होते. परंतु वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी त्या चित्रणाचे प्रमाणपत्र दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ती रद्दबातलता कायम ठेवताना असा दंडक घालून दिला की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे, आणि ते देण्यास कोणी नकार दिला तर न्यायालयाकडून आदेश मिळवता येतो. सरकारी कचेरीत, सरकारी कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यावर इतका खल होत असेल, तर कोणी, कधी, कशावर टिपले हे ठाऊक नसलेल्या फितीवर विसंबून एखाद्याला फासावर चढवण्याची मागणी किती भुसभुशीत जमिनीवर उभी असते, हे निराळे सांगावयास नको.

फोनच्या नोंदींबाबत ग्रामीण भागाची आणखी एक अडचण आहे, आणि ती शहरी टीव्ही चर्चेत कधी येत नाही. कोणत्या क्रमांकावरून कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन झाला याची कंपनीकडील नोंद म्हणजे सीडीआर. तीत फोनला त्या वेळी कोणत्या मनोऱ्याने सेवा दिली हेही असते, आणि त्यालाच लोक लोकेशन म्हणतात. द्वारकेसारख्या दाट वस्तीत मनोरे जवळजवळ असल्याने एका मनोऱ्याचे क्षेत्र लहान असते. केजसारख्या तालुक्यात एकच मनोरा अनेक किलोमीटरच्या परिघातील शेते, वस्त्या आणि रस्ते सांभाळतो, शिवाय जवळच्या मनोऱ्यावर भार वाढला की फोन दूरच्या मनोऱ्याला जोडला जाऊ शकतो. आरोपी घटनास्थळी होता असे सीडीआर कधीच सांगत नाही. त्याचा फोन अमुक मनोऱ्याच्या छायेत होता, एवढेच ती सांगते, आणि फोन त्याच्याच हातात होता हे वेगळ्या साक्षीने सिद्ध करावे लागते.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल तेव्हा अशा तुटक गोष्टींची साखळी जोडून गुन्हा सिद्ध करावा लागतो. त्यालाच परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात. त्याचे निकष भारतात ज्या खटल्याने पक्के केले तो १९८४ चा शरद बिर्धीचंद सारडा खटलाही महाराष्ट्रातलाच, पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूचा. न्यायालयाने त्यात पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना पंचशील म्हटले: प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध व्हावी, सर्वांचा रोख केवळ आरोपीच्या दोषाकडे असावा, त्या निर्णायक असाव्यात, दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी दूर करावी आणि साखळीत कोठेही तुटलेली कडी नसावी. लोकांच्या चर्चेत पहिल्या दोन कसोट्या थोड्याफार पाळल्या जातात. चौथी मात्र जवळजवळ कधीच नाही, कारण एकदा संशय पक्का झाला की दुसरी शक्यता मांडणाऱ्याकडे आरोपीचा हस्तक म्हणून पाहिले जाते. पोलिसांपुढील कबुलीबाबतही असाच गोंधळ आहे. मार्च २०२५ मध्ये काही आरोपींनी कबुली दिल्याच्या बातम्या आल्या आणि प्रकरण संपल्याचा सूर उमटला. वास्तविक सर्वसाधारण कायद्यात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, केवळ तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो, आणि मकोकाने पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीला मान्यता दिली असली तरी त्यासाठी कडक अटी घातल्या आहेत.

माणूस ओळखण्यात चूक झाली तर तिची किंमत किती असते, हे नाशिकला ठाऊक असायला हवे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या पेरूच्या बागेतील एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जण मारले गेले आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. या गुन्ह्यासाठी भटक्या समाजातील सहा गरीब माणसांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुढे तोच निकाल न्यायालयाने मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले, तेव्हा असे पुढे आले की वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या आणि ती गोष्ट न्यायालयापुढे आणलीच गेली नव्हती. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. त्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला, पण दीड दशकाहून अधिक काळ तुरुंगात, त्यातली बहुतेक वर्षे फाशीच्या छायेत गेली, ती कशाने भरून येणार? हे घडले तेथे वकील होते, तीन पायऱ्यांची न्यायालये होती, उलटतपासणी होती. इतक्या गाळण्यांतूनही चूक निसटते, मग जेथे एकही गाळणी नाही तेथे काय होत असेल, याची कल्पना करावी.

ओळखीचा आणखी एक पैलू आहे. साक्षीदाराने आरोपीला पूर्वी पाहिलेले नसेल तर कारागृहात ओळख परेड घेतली जाते, म्हणजे सारख्या चणीच्या अनेक माणसांत आरोपीला उभे करून साक्षीदाराला तो ओळखण्यास सांगितले जाते. आरोपीचे छायाचित्र त्याआधीच घरोघरी पोहोचले असेल तर साक्षीदाराने घटनास्थळचा माणूस ओळखला की फोनवरचा, असा प्रश्न बचाव पक्ष विचारतो आणि तो रास्त असतो. आरोपीला शिक्षा व्हावी या तळमळीने ज्यांनी ते छायाचित्र पुढे धाडले, त्यांनीच त्याच्या सुटकेची फट उघडून दिलेली असते.

द्वारकेहून उत्तरेला जाणारा महामार्ग मालेगाववरून धुळ्याला जातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले, आणि त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयाने घेरलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी कसेबसे वाचवले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या फितींपैकी एक फीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जागृतीसाठी केलेली होती. मुलाला परत आणून सोडणारा आणि संदेश सांगणारा तिचा शेवट कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. राईनपाड्याला अपहरण झालेच नव्हते आणि मस्साजोगला ते झाले होते. तरीही पुरावा पाहिल्याची खात्री दोन्हीकडे सारख्याच तीव्रतेची होती. खात्रीची तीव्रता हा सत्याचा पुरावा नसतो, हे सांगण्यासाठी या दोन घटना एकत्र ठेवणे भाग आहे.

बीडमध्ये या खात्रीला जातीचे वळण लागले. गुन्हा काही व्यक्तींनी केल्याचा आरोप होता, पण आडनावांवरून याद्या तयार झाल्या, कोणत्या पोलीस ठाण्यात कोणत्या समाजाचे किती अधिकारी याचे हिशेब मांडले गेले, आणि मराठा व वंजारी या शेजारी नांदणाऱ्या समाजांतील साधे व्यवहारही कडवट झाले. बीडच्या पोलीस अधीक्षकांनी २०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनाव काढून टाकण्याचा निर्णय घेतला तो याच वातावरणात. आडनावावरून हेतू ठरवणे हा पुराव्याचा सर्वांत हीन प्रकार आहे. त्यातून संतोष देशमुख यांना न्याय मिळत नाही, फक्त आरोपींना समाजाच्या आड लपण्याची सोय मिळते.

लोकांच्या तपासाने सर्वांत जास्त घाव घातला असेल तर तो देशमुख कुटुंबावर. आरोपपत्रासोबत न्यायालयात गेलेली छळाची छायाचित्रे ३ मार्च २०२५ च्या संध्याकाळी बाहेर आली आणि रात्रीतून राज्यभर पसरली. दुसऱ्या दिवशी, कराड ज्यांचा निकटवर्तीय मानला जात होता ते मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. त्या छायाचित्रांनी जनमत हलवले हे निर्विवाद आहे, आणि ती बाहेर आली नसती तर राजकीय जबाबदारीचा प्रश्न आणखी लांबला असता, हे म्हणणेही खोटे नाही. पण ज्या भावाने आणि ज्या लेकीने तीन महिने न्यायासाठी गावोगाव भाषणे केली, त्यांना आपल्या माणसाची अखेरची विटंबना परक्यांच्या स्टेटसवर पाहावी लागली. एकदा राजीनामा झाल्यावर ती चित्रे पुढे पाठवत राहण्यात कोणता सार्वजनिक लाभ उरला होता? मृताची प्रतिष्ठा ही भावनेची बाब मानून सोडून देता येत नाही; घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात मृताच्या सन्मानाचाही विचार आपल्या न्यायालयांनी केलेला आहे.

साक्षीदारांचे हालही याच मापाने पाहावेत. शहरात नाव उघड झाले तरी माणूस गर्दीत हरवू शकतो. गावात तसे नसते. तेथे आडनाव, वस्ती आणि कोणाच्या शेताशेजारी राहतो एवढे कळले की तो सापडतो, त्याची विहीर, त्याची उसाची तोड, त्याच्या मुलांची शाळा हे सर्व दबावाखाली आणता येते. साक्षीदार फितूर होणे, म्हणजे पोलिसांपुढे दिलेला जबाब न्यायालयात फिरवणे, याचे मूळ पुष्कळदा या भीतीत असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली ती हे ओळखूनच. अशा वेळी "हा पाहा, याने सगळे पाहिले" असे म्हणून एखाद्याचे नाव चौफेर करणारा हितचिंतक खटल्याचा पाया पोखरत असतो.

या सर्व विवेचनातून हाती येणारा निष्कर्ष असा की लोकांचा तपास प्रक्रियेविषयी प्रश्न विचारतो तेव्हा बहुधा बरोबर असतो आणि व्यक्तीविषयी निकाल देतो तेव्हा बहुधा चुकतो. गुन्हा उशिरा का नोंदवला, कॅमेऱ्याचे यंत्र कधी जप्त केले, नमुने प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोहोचले, पथकात कोण आहे, हे प्रश्न उघड कागदपत्रांवरून कोणीही विचारू शकतो आणि त्यांची उत्तरे देणे यंत्रणेचे कर्तव्यच आहे. अमुक आकृती अमुक माणसाची आहे की नाही, यासाठी मूळ वस्तू, तिच्या ताब्याची अखंड साखळी आणि उलटतपासणी लागते, आणि ती न्यायालयाबाहेर कोणाकडेच नसते. पोलिसांना प्रशिक्षण देणारी राज्याची अकादमी आणि प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा या दोन्ही संस्था असलेल्या नाशिकमध्ये हा फरक नागरिकांना समजावून देणारे वर्ग शाळा-महाविद्यालयांत चालवता येणे अवघड नाही, आणि ते लवकर सुरू व्हावेत असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

तोवर वाचकांना एक विनंती आहे. एखाद्या गुन्ह्याचे मूळ चित्रण किंवा ध्वनिमुद्रण ज्याच्या फोनमध्ये असेल त्याने ते कोणालाही पुढे पाठवू नये, कापू नये, त्यावर नाव किंवा बाण काढू नये आणि फोन बदलू किंवा पुसू नये. तो फोन घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जावे, जप्तीचा पंचनामा आपल्यासमोर करून घ्यावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी. ठाण्यात दाद मिळत नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

द्वारका, नाशिक